आत्याबाईंची कुरकुर

"दार तू उघडू नकोस. दाराला उघडू दे. तू नुसता हात लाव."

मामंजींचं हे वाक्य मी रोज एकदा तरी मनात म्हणते. मामंजी म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण आवाज कानात आहे तसा आहे, जरा घोगरा, शेवटच्या शब्दावर हलकेच टेकणारा. सिनेमासाठी हाताने आवाज करणं हा त्यांचा व्यवसाय होता, आता माझा आहे. पडद्यावरची नायिका जिना चढते तेव्हा तुम्हाला ऐकू येतात ती पावलं बहुधा तिची नसतातच; ती माझी असतात. पक्षी उडाला की मी कातडी हातमोजे फडफडवते. कुणी बर्फातून चाललं की पिठाची पिशवी मुठीत दाबते. आणि कुणाचं हाड मोडायचं असेल तर कडकन मोडायला कोवळ्या, पाणीदार कांड्यांच्या भाजीची जुडी लागते. ती घ्यायला गेले की आमचा भाजीवाला विचारतो, "काय ताई, आज किती जण जायबंदी?"

आमची कामाची खोली तळमजल्यावर आहे. लांबट, बिनखिडक्यांची, भिंतींना जाड गाद्या ठोकलेली. जमिनीवर वेगवेगळे चौकोन: एक लाकडाचा, एक गुळगुळीत फरशीचा, एक खडीचा, एक नुसत्या मातीचा. भिंतीला लावून जोड्यांचं कपाट. घरी माझ्याकडे चपलांचा एकच जोड आहे. इथे पोलिसाचे बूट, नवरीचे उंच टाचांचे सँडल आणि भुताच्या सपाता एकाच फळीवर नांदतात.

आणि कोपऱ्यात आत्याबाई.

आत्याबाई हे एक दार आहे. जुन्या लाकडाची एकच फळी, हाताने घडवलेल्या लोखंडी बिजागऱ्या आणि खाली ठोकळे मारून उभी केलेली चौकट. मामंजींनी ते त्यांच्या वडिलांच्या पाडलेल्या घरातून आणलं. उघडलं की आधी ते बारीक तक्रार करायचं, मग आवाज चढवायचं, आणि शेवटी "जाऊ दे, मला काय त्याचं" म्हटल्यासारखं गप्प बसायचं. मामंजींची सख्खी धाकटी बहीण अगदी अशीच बोलते. तेव्हा दाराचं नाव आत्याबाई पडलं. खऱ्या आत्याबाईंना हे कुणी सांगितलं नव्हतं. पण एकदा माझे धाकटे दीर, जे आमच्याकडे ध्वनिमुद्रण करतात, फोनवर कुणाला तरी ओरडून सांगत होते, "अहो, आत्याबाईंचा घसा बसलाय, जरा रॉकेल पाजावं लागेल!" आणि खऱ्या आत्याबाई डबा घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. डबा तिथेच ठेवून त्या गेल्या, त्या पुन्हा म्हणून आमच्या पायऱ्या चढल्या नाहीत.

आता त्या दिवसाची गोष्ट.

आम्ही एका नव्या मुलीचा पहिलाच सिनेमा करत होतो. दिग्दर्शिका म्हणजे पोरगीच होती, पण डोक्यात सगळं लख्ख. तिच्या सिनेमात सुरुवातीला एक बाप भल्या पहाटे घर सोडून जातो. लहान मुलगी पांघरुणात डोळे मिटून पडलेली असते आणि आपल्याला फक्त दार ऐकू येतं. शेवटी ती मुलगी चाळिशीची बाई झालेली असते. ती दाराकडे पाठ करून काही निवडत बसलेली असते, तेवढ्यात तेच दार कुरकुरतं. अर्ध्यावर थांबतं. मग पुढे उघडतं. बस. बाप दाखवायचाच नाही. फक्त तिचा चेहरा, आणि सिनेमा संपला.

"म्हणजे बापाचं काम दारच करतंय," मी तिला म्हणाले होते.

"तेच तर, ताई! दार ओळखू आलं नाही तर कोण आलं हे कुणाला कळणारच नाही. मग माझा सिनेमा कुठे गेला?"

पहिलं दार आम्ही आत्याबाईंवर करून ठेवलं होतं आणि ते असं झालं होतं की दिरांनी कानावरचे हेडफोन काढून नमस्कार केला होता. राहिलं होतं शेवटचं. ते त्या दिवशी सकाळी करायचं, आणि संध्याकाळी मोठ्या हॉलमध्ये सगळे आवाज एकत्र जुळवून सिनेमा द्यायचा. दुसऱ्या दिवसापासून तो हॉल दुसऱ्यांचा होता.

माझे रोजचे दोन नेम आहेत. उठल्यापासून जप पुरा होईपर्यंत बोलायचं नाही, आणि नंतर दिवसभर कुणाला उणा शब्द बोलायचा नाही. जपाला मी लवकर येऊन कामाच्या खोलीतच बसते. त्या गाद्यांच्या भिंतींत अशी शांतता असते की देवाला हाक मारावी लागत नाही, नुसती आठवण काढली तरी पुरते. त्या सकाळी मी डोळे मिटून बसले होते. आमच्याकडे नवीन लागलेले एक गृहस्थ झाडलोट बघतात. कुठे काही सैल, तुटकं, गळकं दिसलं की त्यांचा जीव खालीवर होतो, म्हणून आम्ही त्यांना काळजीकाका म्हणतो. ते आत आल्याचं मला कळलं. काही तरी पुटपुटले, तेही जाणवलं. पण माळ पुढे सरकत होती, आणि मण्यागणिक माझी मान जरा हलते, ही माझी जुनी सवय.

जप संपला. डोळे उघडले, माळ पिशवीत ठेवली, आणि मामंजींना मनात नमस्कार करून दाराला हात लावला.

दार उघडलं. नुसतंच उघडलं! लोण्यातून सुरी जावी तसं. हूं नाही की चूं नाही.

बिजागऱ्या तेलाने चकचकत होत्या.

"छान झालं ना?" मागून काळजीकाका म्हणाले. हातात लांब चोचीचा तेलाचा डबा, चेहऱ्यावर समाधान. "कधीपासून ओरडत होतं बिचारं. मी तुम्हाला विचारलं, 'ताई, घालू का तेल?' तुम्ही मान हलवलीत. दोनदा विचारलं, दोनदा हलवलीत."

माझा दुसरा नेम त्या क्षणी जितका ताणला गेला तितका आयुष्यात कधी गेला नसेल. मी फक्त एवढंच म्हणाले, "काका, तुम्ही मनापासून केलंत." आणि खाली बसले.

दीर आले, त्यांनी दार हलवलं, आणि त्यांना तर कुठलाच नेम नव्हता. ते जे काही बोलले ते मी इथे लिहीत नाही. दिग्दर्शिका आली तेव्हा आम्ही तिघं मिळून आत्याबाईंना अंघोळ घालत होतो. साबण झाला, रॉकेल झालं, राख चोळून झाली, बिजागऱ्या उतरवून पुन्हा बसवून झाल्या. दार बोललं, पण सर्दी झाल्यासारखं, एकसुरी "खर्र". ती तक्रार नाही, तो चढ नाही, ते शेवटचं रुसणं नाही.

"पहिलंच दार कापून जोडू या ना," दिग्दर्शिका म्हणाली. चेहरा कागदासारखा झाला होता तिचा.

दिरांनी तेही करून बघितलं. पण पहिलं दार जाणाऱ्या माणसाचं होतं, चोरून, एका दमात उघडलेलं. मधे कापून थांबवलं की विजेचं बटण दाबल्यासारखं थांबायचं. माणूस थांबल्यासारखं नाही.

"हात हवा," दीर म्हणाले, "आणि हाताखाली दार हवं."

"मग शोधू!" मी उठलेच. खरं सांगायचं तर त्या घटकेला मला वाईट वाटायच्या ऐवजी अंगात काही तरी सळसळायला लागलं होतं. एवढं मोठं गाव, एवढी माणसं, आणि एक धड कुरकुरणारं दार मिळू नये?

दीर खांद्यावर ध्वनिमुद्रणयंत्र लटकवून, हातात काठीला बांधलेला माइक घेऊन, मी पुढे, पोरगी मागे, अशी वरात रस्त्यावर निघाली. आधी समोरचा शिंपी. "दार का? दार नाही, पण माझं कपाट ऐका," म्हणून त्याने कपाट उघडलं. ते मांजरासारखं ओरडलं. शेजारचे दातांचे डॉक्टर पेशंटला तोंड उघडं ठेवून बाहेर आले: "माझी खुर्ची ऐकून जा, फार करुण आहे." पेशंटनेही मान डोलावली. बेकरीवाल्याचं फाटक गाढवाच्या वळणावर जायचं. छापखान्याचं दार जवळजवळ जमलं होतं, चढ तर हुबेहूब, पण शेवटी रुसायच्या जागी ते हसायचं. बातमी आमच्या पुढे पळायला लागली. वरच्या सज्जांतून लोक हाका मारत होते, "ओ कुरकुरवाले! आमच्याकडे या!" एका आजोबांनी तर गुडघे वाजवून दाखवले.

"वहिनी," दीर घाम पुसत म्हणाले, "सगळे आवाज आहेत, पण त्या घरातलं कुणी नाही."

त्या घरातलं. मी जागच्या जागी थांबले.

"भाऊजी, आत्याबाईंना दोन फळ्या होत्या ना?"

"कुठल्या आत्याबाईंना?"

"दाराला हो! जोडदार होतं ते. एक फळी मामंजींनी आणली. दुसरी?"

दिरांचा चेहरा आधी उजळला आणि लगेच पडला. "दुसरी खऱ्या आत्याबाईंनी नेली. त्यांच्या मागच्या खोलीला आहे." मग हळूच, "वहिनी, तुम्ही एकट्याच जा ना."

"माइक मी दातात धरू का?"

गेलो. सायकलदुरुस्तीच्या दुकानामागे दोन खोल्यांचं त्यांचं घर. पुढचं दार उघडंच होतं. आत्याबाई खाटेवर बसून बारीक झबल्यांच्या घड्या घालत होत्या.

"अगंबाई, सूनबाई! आज सूर्य कुणीकडे उगवला?" मग नजर माझ्या मागे गेली. "आणि तो काठीमागे लपलाय तो कोण? ये रे पुढे. रॉकेल आणलंयस ना मला पाजायला?"

"आत्या, ते दार..."

"दारच म्हणालास ना रे मला, इतकी वर्षं? आणि हळू बोल. बाळ आत्ता निजलंय. माझ्या सुनेच्या डोळ्याला डोळा नाही आठवडाभर." मागच्या खोलीकडे त्यांनी बोट केलं. तिथे ती फळी होती. तेच लाकूड, त्याच बिजागऱ्या. मला तर माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. मान हलवल्याचंही. हसायचं नाही असं त्या ठरवून बसल्या होत्या, पण "दोनदा विचारलं, दोनदा हलवलीत" याला त्यांचा पदर तोंडावर गेलाच.

"आणि या दाराला तुम्ही तेल कसं घातलं नाही, आत्याबाई?" मी विचारलं. "बाळाची झोप..."

"दादा घालणार होता." त्या एकदम गंभीर झाल्या. "तुझे मामंजी गं. म्हणायचा, तू हात लावू नकोस, मी येतो आणि घालतो. यायचा. चहा प्यायचा. ते दार चार वेळा उघडझाप करायचा, डोळे मिटून मान डोलवायचा, आणि म्हणायचा, 'अरेच्चा, तेल आणायचं विसरलोच की!' दर खेपेला. मला वाटायचं, वयामुळे विसरतो."

मी दिरांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. मामंजी आयुष्यात कुठली वस्तू विसरले नव्हते.

"ते राखून ठेवत होते हो," दीर पुटपुटले. "आत्या, बाबा तुझं दार राखून ठेवत होते. आमचं बिघडलं तर असावं म्हणून."

आत्याबाई बराच वेळ झबल्याची तीच घडी घालत राहिल्या. "लबाड," त्या शेवटी म्हणाल्या, पण असं म्हणाल्या की ती शिवी वाटली नाही. "तो गेल्यावर माझाच हात होईना. पोरगा म्हणाला, मी घालतो. म्हटलं, नाही. दादाच्या घरचं माणूस येईल आणि घालेल. त्याने कबूल केलंय." मग माझ्याकडे वळून, "घ्या तुमचा आवाज. पण मग तेल. आजच. त्या लेकराला आणि त्याच्या आईला झोप हवी."

दीर माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होते. तेल घातलं की हा आवाज जगातून संपला, हे त्यांना कळत होतं, मलाही कळत होतं.

"आजच," मी म्हणाले. "मी स्वतः येते."

मग धावपळ उडाली. खिडक्यांना रजया लावल्या. सायकलवाल्याला हवा भरायची थांबवायला सांगितलं. दिग्दर्शिकेने घड्याळ काढून उशीखाली घातलं. दीर माइक धरून बिजागरीपाशी गुडघ्यावर बसले, आणि मी बाहेरच्या बाजूने दारापाशी उभी राहिले. आत, हाताच्या अंतरावर, पाळण्यात बाळ आणि शेजारी निजलेली त्याची आई.

पहिल्या वेळी मी दार उघडलं, अर्ध्यावर थांबले, मनात थोडं थांबून पुन्हा उघडलं. आवाज तोच होता! तक्रार, चढ, सगळं. माझ्या अंगावर काटा आला. पण पोरीने नकाराची मान हलवली.

"ताई, दार तेच आहे. पण थांबणं... तुम्ही थांबलात असं वाटतं. तो थांबला असं नाही वाटत."

तिचं खरं होतं. मी दार उघडत होते. मामंजी असते तर म्हणाले असते, हात लाव नुसता.

दुसऱ्यांदा मी बोटं फळीवर टेकवली आणि काही ठरवलंच नाही. दार हलायला लागलं. बारीक तक्रार सुरू झाली, चढली, आणि आत पाळण्यात बाळाने हुंकार दिला. माझा हात थिजला. श्वाससुद्धा थांबला. उठलं का? आईची झोप मोडली का? परत फिरावं का? तेवढ्यात पाळण्यातून पुन्हा तो संथ, लहानसा श्वास ऐकू आला, आणि माझ्या हाताखालचं दार आपोआप पुढे गेलं, हळू, ओशाळल्यासारखं, आणि शेवटी रुसून गप्प झालं.

कुणी हललं नाही. दीर गुडघ्यावरच होते, डोळे मिटून, मान डोलवत. अगदी मामंजींसारखे.

दिग्दर्शिका तोंडावर दोन्ही हात दाबून भिंतीला टेकली होती. बाहेर अंगणात आल्यावरच तिला आवाज फुटला. "तसाच येईल ना हो माणूस? इतक्या वर्षांनी? आत कुणाची झोप मोडेल म्हणून असाच थांबेल ना?" आणि तिने मला अशी घट्ट मिठी मारली की माझा चष्मा वाकडा झाला.

बाळाचा हुंकार दिरांनी नंतर नखाएवढा कापून काढला. संध्याकाळी आम्ही सगळे मोठ्या हॉलमध्ये बसलो. समोर पडद्यावर ती बाई दाराला पाठमोरी बसलेली. आवाज जुळवणाऱ्या तिघांना या भानगडीतलं काही ठाऊक नव्हतं. ते आपले बटणं फिरवत होते. दार कुरकुरलं. बटणांवरचे हात थांबले. दार अर्ध्यावर थांबलं, आणि त्या तिघांनीही, एकाच वेळी, मान वळवून मागे हॉलच्या दाराकडे बघितलं. कोण आलं म्हणून!

तिथे काळजीकाका उभे होते. सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं. "जमलं का?" त्यांनी खुणेनेच विचारलं.

मी या वेळी डोळे उघडे ठेवून, मनापासून, होकाराची मान हलवली. ते मटकन खालीच बसले आणि हसायला लागले.

मग एकच गलका झाला. कुणी चहा मागवला, कुणी पुन्हा लाव, पुन्हा लाव म्हणत होतं. दिग्दर्शिका एका जागी दोन क्षण टिकत नव्हती. दीर तर हवेतच होते. "वहिनी, आता मी सांगतो ते ऐका. त्या दाराला कुणी बोट लावायचं नाही. फळी उचलून आणायची नाही, चौकटीतून हलली की आवाज जाईल. तिथेच राहू दे. आत्याला मी समजावतो. बाळ काय, महिनाभरात मोठं होईल. तेलाचं मग बघू, पुढच्या आठवड्याबिठवड्यात..."

ते बोलत होते आणि मला त्यांच्या आवाजामागे दुसराच आवाज ऐकू येत होता. अरेच्चा, तेल आणायचं विसरलोच की.

पडद्यावर पुन्हा एकदा ते दार कुरकुरलं, आणि मी ते शेवटचं ऐकावं तसं नीट, अगदी शेवटच्या रुसण्यापर्यंत ऐकून घेतलं. मग काळजीकाकांच्या शेजारी गेले आणि हळूच हात पुढे केला. त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी पिशवीतून लांब चोचीचा डबा काढला, चोचीला टोपण नीट घट्ट बसवलं आणि माझ्या हातात दिला.

बाहेर अजून उजेड होता. मागे हॉलमध्ये टाळ्या वाजत होत्या. पायऱ्यांशी मी चपला काढून हातात घेतल्या, दगडावर वाजून भाऊजींना चाहूल लागू नये म्हणून, आणि सायकलवाल्याच्या गल्लीकडे निघाले.